गाडीचा आवाज आला की ती चॅनल का बदलते?

पत्र थोडक्यात: चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानपट्ट्यातून एकतीस वर्षांचे एक वाचक लिहितात. गावात त्यांचं सेवा केंद्र आहे. दिवसभर सातबारा, पीक विमा, केवायसी आणि बंद पडणारा सर्व्हर. लग्नाला तीन वर्षं झाली. घरी आई, पत्नी आणि ते स्वतः. टीव्ही एकच, समोरच्या खोलीत. पत्नी बी.ए. झालेली आहे, 'तरीही' तिला संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ मालिकाच लागतात. यांना विनोदी कार्यक्रम आवडतात. 'दिवसभर लोकांची कटकट ऐकल्यावर दोन घटका हसावं, एवढीच अपेक्षा,' असं ते लिहितात. ते तिला गमतीनं 'रडूबाई' म्हणतात, आईसमोर मालिकेतल्या संवादांची नक्कल करून दाखवतात. 'पुढच्या रिचार्जला ते चॅनलच काढून टाकतो,' असंही एकदा म्हणाले. आईसुद्धा त्याच मालिका बघते, 'पण तिचं वय झालं, तिला विरंगुळा पाहिजे.' अलीकडे टीव्हीवरून भांडण होत नाही, कारण त्यांच्या गाडीचा आवाज आला की पत्नी स्वतःच चॅनल बदलून ठेवते आणि आत निघून जाते. ते विचारतात: तिला चांगलं बघायची सवय कशी लावू? आणि आवडी इतक्या वेगळ्या असतील तर पुढे आमचं कसं जमणार?

भाऊ,

पहिल्यांदा तुमचं पत्र वाचलं तेव्हा वाटलं, रिमोटचा वाद आहे, वेळ वाटून दिली की मिटेल. दुसऱ्यांदा वाचताना गाडीच्या आवाजाच्या वाक्यापाशी अडले. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, भांडण मिटल्याची खूण म्हणून. मला तुमच्या सगळ्या पत्रात काळजी वाटली ती तेवढ्याच वाक्याची.

आपल्याच घरात, कामं उरकून, आवडीचं काहीतरी बघत बसलेलं माणूस नवऱ्याची चाहूल लागली की ते झाकून ठेवतं. लहानपणी अभ्यासाच्या पुस्तकात गोष्टीचं पुस्तक लपवून वाचताना बाबांच्या चपलांचा आवाज आला की आपण जसे दचकायचो, तसं. बाबांनी मारलेलं नसायचं, तरी दचकायचो. तुम्हीही तिच्यावर ओरडत नाही, हे पत्रावरून कळतं. तुम्ही हसता, एवढंच. पण रोज एकाच गोष्टीवरून हसलं गेलं, आणि तेही सासूसमोर, की माणूस वाद घालत नाही. माणूस लपवायला लागतं. तुमच्या घरातली शांतता ही अशी आहे, आणि ती मला भांडणापेक्षा वाईट वाटते.

आता आईचं बघा. आई तीच मालिका बघते, त्याच खोलीत, त्याच वेळी. आईसाठी तुम्ही 'विरंगुळा' हा शब्द वापरलाय आणि पत्नीसाठी 'वेड'. आईची नक्कल तुम्ही करत नाही. का करत नाही, याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे: आईचा मान ठेवायचा असतो. मालिकाच जर इतकी वाईट असती, तर ती आईसाठीही वाईटच असायला पाहिजे होती. तेव्हा तुमचा राग मालिकेवर पूर्णपणे नाही. तो थोडासा या गोष्टीवर आहे की शिकलेल्या बायकोनं तुमच्यासारखं असावं, तुम्ही हसता तिथं हसावं. ही इच्छा वाईट नाही. नवऱ्याला बायको शेजारी बसून हसायला हवी वाटते, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ती इच्छा 'तिला चांगलं बघायची सवय लावायची आहे' अशा शब्दांत मांडली की ती शिक्षकाची छडी होते. 'ये ना, माझ्याजवळ बस' असं तुम्ही तिला शेवटचं कधी म्हणालात?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तुमच्या आवडीचे कार्यक्रम आणि तिच्या आवडीच्या मालिका बनतातच वेगवेगळ्या प्रेक्षकांसाठी, आणि तो फरक शिक्षणाचा नाही. तो बसायला मिळतं की नाही याचा आहे. विनोदी प्रहसन बघायचं तर दहा-बारा मिनिटं नजर हलवून चालत नाही. एखाद्या नटानं नुसती भुवई उडवली आणि तुम्ही त्या वेळी भाजीत चमचा फिरवत असाल, तर हसू गेलंच. मालिकेचं तसं नाही. मालिका आठवड्याचे पाच-सहा दिवस, बहुतेक अर्ध्या तासाची. नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, म्हणजे जाहिराती पुरेपूर भरल्या तर अर्ध्या तासात गोष्टीला २४ मिनिटं उरतात. त्यातही आधी कालचं थोडं, शेवटी उद्याचं थोडं. एकच चेहरा तीनदा दाखवतात, ढॅणढॅण संगीत वाजवतात, एक बाई दुसरीला झालेली गोष्ट पुन्हा सांगते. तुम्हाला याचाच वैताग येतो, आणि टीव्हीसमोर बसून बघणाऱ्याला तो यावाच. पण पोळ्या लाटता लाटता ऐकणाऱ्या बाईला त्याच पुनरुक्तीमुळे गोष्ट कळते. संगीत बदललं की तिला आतून समजतं, आता काहीतरी झालं, आणि ती दाराशी येऊन बघून जाते. कुकरच्या दोन शिट्ट्या बघण्यात गेल्या तरी धागा तुटत नाही.

तुम्ही लिहिलंय की रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तीही बांधीत, धानाच्या शेतात, जाते. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावून आलेली बाई साडेसातला काय करते? चूल किंवा गॅस पेटवते. तुम्ही साडेआठला येता, पाय धुता, बसता. मग तुम्हाला पूर्ण लक्ष देऊन बघायचा कार्यक्रम आवडणं आणि तिला कानानं बघता येईल असा कार्यक्रम आवडणं, ही कुणाच्या बुद्धीची गोष्ट कशी होईल? तिला रोज रात्री एक तास, हातात काही काम नसताना, टेकून बसायला मिळालं असतं तर तिला काय आवडलं असतं, हे आज तुम्हाला माहीत नाही, मला नाही आणि कदाचित तिलाही नाही.

मी झाडीपट्टीतलीच, म्हणजे आपल्या या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातली. माझं बालपण वडशाजवळच्या एका गावात गेलं, म्हणून तुमच्या पत्राला हे उत्तर देताना माझे आजी-आजोबा डोळ्यांसमोर आहेत. दिवाळी झाली, धान घरात आलं की आमच्याकडे दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. तुम्हाला हे मी काय सांगणार, तुमच्याही गावात मांडव पडतो. रात्री दहा-अकराला सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालायचं. आजी पदरात मुरमुरे बांधून घ्यायची आणि रडण्यासाठी जागायची. आईनं टाकलेलं लेकरू, सासरी छळलेली सून, खोट्या आरोपात सापडलेला मोठा भाऊ. ती हमसून रडायची आणि आजोबा खुशाल तिच्या खांद्यावर मान टाकून झोपायचे. विनोदी नट आला की आजी त्यांना कोपरानं ढोसायची, 'उठा, तुमचा आला.' मग ते पोट धरून हसायचे, आणि आजीचे डोळे मिटायचे. सकाळी बैलगाडीत परतताना दोघं एकमेकांना आपापला भाग सांगायचे. पूर्ण नाटक दोघांपैकी एकानंही बघितलेलं नसायचं, आणि घरी येईपर्यंत दोघांना ते पूर्ण ठाऊक असायचं.

आपल्या रंगभूमीनं कधी प्रेक्षकांना हसणारे आणि रडणारे असं वेगळं बसवलं नाही. एकाच तिकिटात गाणं, लावणी, टाळ्या, हुंदके, सगळं. शिकलेल्या लोकांनी त्याला बराच काळ गावंढळ म्हटलं. त्याच झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मला कोण आनंद झाला होता. आपण ज्याला हलकं म्हणतो ते हलकं असतंच असं नाही, हे आपल्या भागातल्या माणसाला तरी वेगळं सांगायला नको.

टीव्ही आला तेव्हाही सुरुवातीला असंच होतं. १९८७ साली रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण' लागायचं आणि ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या अंगणात सगळा मोहल्ला. निवड नव्हती, म्हणून वादही नव्हता. पुढे डिशच्या छत्र्या आल्या, वाहिन्या आल्या. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाली, तीच आजची झी मराठी, आणि मग एकेक करत बाकीच्या. रडायचं एका वाहिनीवर आणि हसायचं दुसऱ्या वाहिनीवर, एकाच वेळी. रिमोट मात्र घरात एकच राहिला. दोष कुणाचा म्हणून मी हे सांगत नाही. तुमच्या घरातला हा पेच तुमच्या जोडीत काही कमी आहे म्हणून आलेला नाही, एवढं तुम्हाला दिसावं म्हणून सांगते.

मालिकांबद्दल तुमच्या तक्रारी खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. झोपताना दागिने घालणाऱ्या बाया, दाराआडून ऐकणाऱ्या जावा, वर्षभर न फुटणारं एक गुपित, हे मलाही खटकतं. घरातली प्रत्येक दुसरी बाई कारस्थानी दाखवली की बायकांबद्दलच वाईट ग्रह होतो, हे मी या सदरात पूर्वीही लिहिलंय. पण भाऊ, तुमच्या कार्यक्रमांकडेही त्याच नजरेनं एकदा बघा. जाड माणसाच्या पोटावर, सावळ्या रंगावर, साडी नेसलेल्या पुरुषावर किती विनोद असतात? तुमची पत्नी हसत नाही म्हणता. ती नेमकी कुठे हसत नाही, हे कधी बघितलंय? कदाचित 'बायको म्हणजे डोक्याला ताप' या विनोदावर ती हसत नसेल. त्या वेळी तुम्ही तिच्याकडे बघून हसत असाल, तर ती आत का जाते ते कळायला सोपं आहे.

तुमचे कार्यक्रम वाईट आहेत असंही नाही. २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं आणि भारत गणेशपुरे यांच्या तोंडून वऱ्हाडी बोली महाराष्ट्रभर घराघरांत गेली, तेव्हा आपल्या बाजूच्या किती माणसांना आपल्या बोलण्याची लाज वाटायची थांबली! विनोदाची ही ताकद मी मनापासून मानते. 'हास्यजत्रा'तली काही प्रहसनं मी दोनदोनदा बघितली आहेत. चांगलं आणि टाकाऊ दोन्हीकडे आहे, एवढंच माझं म्हणणं.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. मालिका संपते तेव्हा बायकांसाठी ती संपत नाही. दुसऱ्या दिवशी बांधीत रांगेनं रोवणा लावताना, बचत गटाच्या बैठकीत, हातपंपावर तिच्यावर बोलणं होतं. 'आई कुठे काय करते' ही मालिका २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षं चालली. पंचवीस वर्षं संसार करून नवऱ्यानं फसवलेली अरुंधती घराबाहेर पडते, स्वतःच्या पायांवर उभी राहते. त्या दिवसांत मी आमच्या भागात बायकांचं बोलणं ऐकलंय. 'तिनं घर सोडायला नको होतं' आणि 'काहून नाही सोडायचं?' असे दोन तट पडायचे. स्वतःच्या सासूबद्दल, नवऱ्याबद्दल गावात उघड बोलता येत नाही, घराची गोष्ट वेशीवर जाते. अरुंधतीच्या सासूबद्दल मात्र पाहिजे तेवढं बोलता येतं. सगळ्यांना कळतं कोण कुणाबद्दल बोलतंय, आणि कुणाचंच नाव घेतलेलं नसतं. लग्न होऊन परक्या गावात आलेल्या सुनेला अशा गप्पांत जागा मिळणं किती मोठं असतं, ते तुम्ही त्याच गावात जन्मल्यामुळे तुम्हाला कदाचित जाणवणार नाही. तुमची पत्नी तीन वर्षांपूर्वी त्या गावात आली. तिच्या मैत्रिणी कोण आहेत, ठाऊक आहे?

मग करायचं काय?

वेळापत्रक आजच आखू नका. आधी नक्कल बंद. 'रडूबाई' बंद. आणि बंद केलं हे तिला सांगा, कारण न सांगता गप्प झालात तर तिला वाटेल तुम्ही रुसलात. मोठी माफी मागायची गरज नाही. चिडवलं आईसमोर होतं, तेव्हा बोलाही आईसमोर: 'मी उगाच चेष्टा करत होतो, तू बघ गं तुझी मालिका.' पुरे. रिचार्जचं बोललात तेही मागे घ्या. घरात पैसे तुम्ही भरता, छत्री तुमच्या नावावर आहे, मोबाइलवरून एका बोटानं तुम्ही ते चॅनल खरंच काढू शकता. ज्याच्या हातात कळ आहे त्यानं अशी गंमत केली की ती ऐकणाऱ्याला गंमत वाटत नाही. उलट पुढच्या रिचार्जच्या वेळी तिला आणि आईला जवळ बसवा. २०१९ पासून वाहिन्या एकेकट्या निवडून घेता येतात. पॅकमधल्या कितीतरी वाहिन्या तुमच्या घरात कुणीच लावत नसेल. तिघांनी मिळून यादी करा. कदाचित पैसेही वाचतील, पण मुख्य म्हणजे तिची निवड घराच्या निवडीत मोजली जाईल.

त्यानंतर आठ दिवस, तिची जी मालिका तिला सगळ्यात जवळची असेल ती तिच्यासोबत बघा. म्हणजे दुकान थोडं लवकर बंद करून या आणि लसूण सोला, शेंगा निवडा, वरणाला फोडणी द्या, जे जमतं ते. ती बसलेली असली पाहिजे, हातात काही नसताना. मध्येच काही बोलू नका. जाहिरात लागली की एकच विचारा, 'ही बाई अशी का वागली?' उत्तर ऐका. तिच्याबद्दल तीन वर्षांत कळलं नाही ते त्या जाहिरातीच्या वेळात कळेल, असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं. आठ दिवसांनंतरही मालिका आवडली नाही तर नाही आवडली. आवडण्याची सक्ती मी तुमच्यावर करणार नाही, आणि तुमच्या कार्यक्रमाची तिच्यावर तुम्हीही करू नका. आजोबांना शेवटपर्यंत रडकं नाटक आवडलं नाही. आजी कशावर रडली एवढं मात्र त्यांना रोज ठाऊक असायचं.

मग खुशाल वेळ वाटा. मालिकेचा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा लागतो, मोबाइलवरही बघता येतो. विनोदी कार्यक्रमांचे तुकडे तर मोबाइलवर हवे तेव्हा मिळतात. दोघांनी दोन फोन घेऊन दोन कोपऱ्यांत बसायचा मार्ग मात्र मला आवडत नाही. भांडण त्यानं संपतं, संध्याकाळही संपते. आणि बहुतेक घरांत मग चांगला फोन पुरुषाकडे जातो, बाई पुन्हा उरलेल्या डेटावर. आठवड्यातून दोन दिवस, समजा शनिवार-रविवार, रात्रीचं जेवण लवकर उरकून तिघांनी तुमचा कार्यक्रम बघा. तिला त्या दिवशी स्वयंपाकघरात उठावं लागू नये, ही जबाबदारी तुमची. हसू येण्यासाठी आधी बसायला मिळावं लागतं.

हाच प्रश्न उलट्या बाजूनं विचारणारी पत्रंही माझ्याकडे येतात. भंडारा बाजूच्या एका सुनेला विनोद बघायचा असतो आणि रिमोट सासूच्या उशाखाली असतो. त्या ताईलाही मी हेच सांगेन की आधी सासूच्या मालिकेत सासूला काय आवडतं ते विचारा, रिमोट नंतर मागा. ज्या घरांत सासरे रात्रभर बातम्यांमधली आरडाओरड ऐकतात, तिथे मात्र आवाज कमी करायला स्पष्ट सांगावं. लेकराच्या झोपेपुढे कुणाचीच आवड मोठी नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, पुढे कसं जमणार. भाऊ, टीव्हीची आवड जुळली म्हणून संसार सुखाचे झालेले मी फारसे बघितले नाहीत. न जुळल्यामुळे मोडलेलाही एक बघितला नाही. आपली आवड समोरच्यानं तुच्छ मानली म्हणून मन उडालेल्या बाया मात्र मी बघितल्या आहेत, आणि त्यांच्या नवऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की नेमकं काय झालं. तुम्ही पत्र लिहिलंत, त्यात गाडीच्या आवाजाची गोष्टही लिहिलीत. म्हणजे कुठेतरी ती तुम्हालाही टोचली आहे. तुमच्याकडे अजून भरपूर वेळ आहे.

दिवाळीनंतर जवळपास कुठे नाटक लागलं तर तिला आणि आईला घेऊन जा, शाल आणि मुरमुरे विसरू नका. पण त्याला अजून अवकाश आहे. त्याच्या आधी एखाद्या संध्याकाळी तुम्ही अंगणात गाडी लावली, आणि आतून मालिकेचं ते ढॅणढॅण संगीत तसंच ऐकू येत राहिलं, तर मला दोन ओळी लिहून जरूर कळवा.

तुमची,
ताई